आधी कोणी रोखली? अमेरिकेतील दंगली, राजकारण आणि स्वसंरक्षणाचा कायदा

केनोशा हे विस्कॉन्सिन राज्यातले, मिशिगन सरोवराच्या काठावरचे जेमतेम लाखभर वस्तीचे शहर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयात एका साक्षीदाराची उलटतपासणी चालू होती. सुमारे पंधरा महिन्यांपूर्वी, दंगलीच्या रात्री, रायफलीच्या गोळीने त्याच्या उजव्या दंडाचा मोठा लचका तोडला होता आणि ती गोळी झाडणारा तरुण समोर आरोपी म्हणून बसला होता. बचाव पक्षाच्या वकिलाने साक्षीदाराला विचारले, की तुम्ही हात वर केलेले असताना आरोपीने गोळी झाडली नाही. तुम्ही स्वतःचे पिस्तूल त्याच्यावर रोखून पुढे आलात, तेव्हाच ती झाडली, हे खरे ना? साक्षीदाराने ते मान्य केले. सरकारी बाजूच्या एका वकिलाने त्या सुमारास तळहातात तोंड लपवल्याचे छायाचित्र मग देशभर फिरले.

आरोपीचे नाव कायल रिटनहाउस. घटनेच्या वेळी तो १७ वर्षांचा होता. त्या रात्री त्याने तिघांवर गोळ्या झाडल्या, त्यांतले दोघे मेले, आणि ज्यूरीने, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याला सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. अर्ध्या अमेरिकेला हा न्याय वाटला आणि उरलेल्या अर्ध्या अमेरिकेला न्यायाची थट्टा. मला मात्र त्या साक्षीतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हा तरुण लोकांना मारत सुटला आहे असे समजून आपण पिस्तूल काढले, असे त्या साक्षीदाराने सांगितले होते. म्हणजे एकमेकांसमोर उभ्या असलेल्या त्या दोघांनाही आपण स्वतःचा किंवा इतरांचा जीव वाचवतो आहोत असेच वाटत होते. अमेरिकेतला स्वसंरक्षणाचा कायदा नेमका इथे अडतो, आणि का अडतो हे समजण्यासाठी तो मुळात काय विचारतो हे पाहावे लागेल.

अमेरिकेत खुनाचे कायदे राज्यांचे असतात, त्यामुळे तपशील पन्नास ठिकाणी पन्नास प्रकारचे आहेत. पण गाभा सगळीकडे सारखा आहे. गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी जिवाचे किंवा गंभीर इजेचे भय वाटत होते का, आणि त्याच्या जागी असलेल्या समंजस माणसालाही ते वाटले असते का? धोका आत्ताचा होता की उद्यापरवाचा? वापरलेले बळ धोक्याच्या मानाने होते का? कळ आधी कोणी काढली? आणि काही राज्यांत आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे सुरक्षितपणे मागे हटणे शक्य असूनही तो हटला नाही का?

पुरावा कोणी द्यायचा, यावरही बरेच अवलंबून असते. स्वसंरक्षणाचा मुद्दा आरोपीने एकदा उभा केला, की तो खोटा असल्याचे रास्त शंकेच्या पलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर येते. २०१९ मध्ये ओहायोनेही हे तत्त्व स्वीकारले, आणि आता पन्नासही राज्यांत तेच लागू आहे. आपल्याकडे याच्या उलट आहे: भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार (पूर्वीचा पुरावा कायदा) स्वसंरक्षणासारख्या अपवादाचा आधार घेणाऱ्या आरोपीनेच तो अपवाद दाखवून द्यायचा असतो, जरी त्यासाठी सरकारी पक्षाइतका भक्कम पुरावा लागत नाही. हा फरक वरवर वकिली वाटतो. परंतु मेलेला माणूस साक्ष द्यायला येऊ शकत नाही, आणि अंधारात दोघांत काय घडले हे सांगणारा एकच जिवंत माणूस उरलेला असतो, तेव्हा खटल्याचा निकाल याच फरकावर लागू शकतो.

मागे हटण्याचा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडच्या रूढ कायद्यात घराबाहेरच्या भांडणात जीव घेण्यापूर्वी पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरणे अपेक्षित असे, कारण दंड देण्याचा अधिकार राजाचा, प्रजेचा नव्हे. घर मात्र अपवाद होते. माणसाचे घर हाच त्याचा किल्ला हे तत्त्व तिथल्या न्यायालयाने १६०४ मध्येच मांडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओहायो आणि इंडियाना यांसारख्या राज्यांच्या न्यायालयांनी यात बदल केला. ज्याने आगळीक केलेली नाही आणि जिथे असण्याचा त्याला हक्क आहे तिथे जो उभा आहे, त्या सरळ माणसाला पळून जायला कायद्याने का लावावे, असा त्यांचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १९२१ च्या एका निकालात लिहिले, की उगारलेल्या सुरीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडून शांत चिंतनाची अपेक्षा करता येत नाही. वाक्य सुरेख आहे आणि खरेही आहे. तरी होम्स यांच्यासमोर सुरी घेतलेला एक आणि त्याच्यासमोर उभा असलेला एक, अशीच दोन माणसे होती, हे लक्षात ठेवावे.

२००५ मध्ये फ्लोरिडाने हा विचार कायद्याच्या पुस्तकात नेऊन बसवला. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेने त्याचा जोरदार पाठपुरावा केला होता आणि गव्हर्नर जेब बुश यांनी त्यावर सही केली. 'स्टँड युअर ग्राउंड', म्हणजे 'पाय रोवून उभा राहा', या नावाने तो ओळखला जातो. जिथे असण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे तिथे, मग तो रस्ता असो की दुकानाचा वाहनतळ, मागे हटण्याचे बंधन तुमच्यावर नाही. एवढेच नव्हे, तर बळ योग्य कारणासाठी वापरले असेल तर खटलाच चालू नये अशी मागणी करता येते. पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांत कायद्याने किंवा न्यायालयीन निकालांनी हेच तत्त्व रूढ झाले. रँड या संशोधन संस्थेने बंदूकविषयक कायद्यांच्या अभ्यासांचा जो आढावा सातत्याने घेतला आहे, त्यात असे कायदे आल्यावर बंदुकीने होणाऱ्या हत्या वाढल्याचा निष्कर्ष निघतो.

२६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडातल्या सॅनफोर्ड गावात जॉर्ज झिमरमन या वस्तीत गस्त घालणाऱ्या माणसाने ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घातली. त्याआधी फोनवरच्या पोलीस कर्मचाऱ्याने मुलाच्या मागे जाण्याची गरज नाही असे त्याला सांगितले होते. झिमरमनला अटक व्हायला सहा आठवडे लागले आणि जुलै २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. लोकांना वाटते की तो फ्लोरिडाच्या नव्या कायद्यामुळे सुटला, पण हे अर्धेच खरे आहे. आपण खाली पडलो होतो, मुलगा छातीवर बसून मारत होता, असा त्याचा बचाव होता; खाली दाबला गेलेला माणूस मागे हटणार कुठे? म्हणून त्याच्या वकिलांनी खटलाच रद्द करण्याची विशेष सुनावणी मागितली नाही, मात्र ज्यूरीला वाचून दाखवलेल्या सूचनांत मागे न हटण्याची मुभा होतीच. खरा अन्याय ज्यांना जाणवला त्यांचा आक्षेप निराळा होता: रात्रीच्या वेळी एका मुलाचा पाठलाग कोणी केला, हा प्रश्न कायद्याने जवळजवळ बाजूला ठेवला, कारण एखाद्याच्या मागून चालत जाणे हा गुन्हा नव्हे. 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' ही घोषणा या निकालानंतर जन्माला आली.

हे सारे बंदुकीवाचून इतके जीवघेणे झाले नसते. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे १२०. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची आहे, पण स्वतःच्या बचावासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले ते २००८ मध्ये, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना परवाना कायदा रद्द करताना त्याने हा हक्क घराच्या उंबरठ्याबाहेर, सार्वजनिक जागी नेला. आज २९ राज्यांत प्रौढ माणसाला पिस्तूल लपवून बाळगण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. महाराष्ट्रात निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. ज्या वाचकाने ती रांग पाहिली आहे, त्याला खांद्यावर रायफल लावून निदर्शनाला येणे कायदेशीर असू शकते हे पचवणे जड जाईल. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ते कायदेशीर आहे.

इतक्या लोकांना बंदूक हवी तरी कशाला, असे आपण विचारतो, तेव्हा एका न्यायनिर्णयाची आठवण ठेवावी. कोलोराडो राज्यातल्या कॅसल रॉक गावात १९९९ साली एका स्त्रीच्या नवऱ्याने, त्याला घरापासून दूर राहण्याचा न्यायालयीन आदेश असताना, तिच्या तीन मुलींना उचलून नेले. ती रात्रभर पोलिसांना विनवत राहिली. पहाटे तो माणूस पोलीस ठाण्यासमोर येऊन गोळ्या झाडू लागला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते. तिच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला, की त्या आदेशाची अंमलबजावणी पोलिसांनी केलीच पाहिजे असा घटनात्मक हक्क तिला नव्हता. सरकार तुम्हाला वाचवायला बांधील नाही, हे बंदूकधारकांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही, ते असे.

कृष्णवर्णीयांच्या इतिहासात तर हा मुद्दा आणखी टोकदार होतो. दक्षिणेत झुंडीने फासावर लटकवण्याचे प्रकार होत असताना पोलीस अनेकदा झुंडीच्याच बाजूचे असत, आणि १८९२ मध्ये पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी असे लिहिले होते. १९६७ च्या मे महिन्यात ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले. त्याच वर्षी तिथे भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आली आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. बंदुकीच्या हक्काचा कैवार घेणारे आज ज्या रिपब्लिकन पक्षात आहेत, त्याच पक्षाचे ते दैवत. हक्क कोणाच्या हातात आहे, त्यावर त्याचे कौतुक ठरते, एवढे यातून दिसते.

आता पुन्हा केनोशाकडे येऊ. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि देशभर निदर्शने उसळली. बहुतांश शांततापूर्ण, काही ठिकाणी जाळपोळ आणि लूट. त्या वर्षी बंदूक खरेदीशी निगडित पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या सुमारे चार कोटींवर गेली, जो त्यावेळचा विक्रम होता. २३ ऑगस्टला केनोशात एका पोलिसाने जेकब ब्लेक यांच्यावर सात गोळ्या झाडल्या, त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि शहर पेटले. दोन रात्रींनंतर दुकानांचे रक्षण करायला म्हणून सशस्त्र नागरिक रस्त्यावर उतरले. त्यांत शेजारच्या इलिनॉय राज्यातल्या अँटिऑकहून आलेला रिटनहाउस होता, गळ्यात एआर-१५ धर्तीची रायफल आणि जवळ प्रथमोपचाराची पिशवी. चिलखती गाडीतल्या पोलिसांनी या लोकांना पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि त्यांचे आभार मानले. हे चित्रित झाले आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास एक निःशस्त्र माणूस रिटनहाउसच्या मागे धावला, जवळच कोणी तिसऱ्यानेच हवेत गोळी झाडली, आणि तो माणूस रायफलीवर झडप घालतो आहे असे म्हणत रिटनहाउसने त्याला चार गोळ्या घातल्या. मग तो पोलिसांच्या दिशेने पळू लागला. जमावाच्या दृष्टीने तो एकाला मारून पळणारा खुनी होता. तो अडखळून पडला, एकाने त्याच्यावर लाथ झाडली, दुसऱ्याने स्केटबोर्ड हाणला आणि रिटनहाउसची गोळी छातीत लागून तो दुसरा मेला, तिसरा पिस्तूल घेऊन जवळ आला. तो तिसरा म्हणजे सुरुवातीला सांगितलेला साक्षीदार.

सरकारी पक्षाचे म्हणणे असे, की बंदूक घेऊन दंगलीत जो स्वतःहून आला, त्याने धोका स्वतः ओढवून घेतला. माणूस म्हणून हे आपल्याला पटते. मात्र विस्कॉन्सिनमध्ये उघडपणे बंदूक बाळगणे प्रौढांना कायदेशीर आहे, त्यामुळे केवळ बंदूक आणणे म्हणजे कळ काढणे असे कायदा मानत नाही. तो तर अल्पवयीन होता, मग? तिथेही गंमतच झाली. अल्पवयीनांना घातक शस्त्र बाळगण्याची बंदी आहे, पण कलमाच्या वाक्यरचनेनुसार १७ वर्षांच्या मुलाला ती बंदी आखूड नळीच्या बंदुकांपुरतीच लागू होत होती, आणि त्याची रायफल आखूड नळीची नव्हती. न्यायाधीशांनी तो आरोप ज्यूरीसमोर जाण्याआधीच काढून टाकला. उरले ते गोळी झाडण्याआधीचे काही क्षण, आणि त्या क्षणांच्या चित्रफिती ज्यूरीने पुन्हा पुन्हा पाहिल्या. राजकारण विचारत होते की तो तिथे गेलाच का. कायदा विचारत होता की त्या निमिषात त्याला काय दिसले. दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, यात नवल नाही.

आणखी एक गोष्ट या खटल्यात ठळक झाली, जिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. पहिला मृत निःशस्त्र होता. मग त्याच्यापासून जिवाला धोका कसा? बचाव पक्षाचे उत्तर: त्याने माझी रायफल हिसकावली असती, तर ती माझ्यावरच चालवली असती. म्हणजे बचावासाठी आणलेले हत्यारच धोक्याचे कारण होते आणि तेच गोळी झाडण्याचे समर्थनही ठरले.

हाच बचाव त्याच महिन्यात जॉर्जियात मात्र टिकला नाही. ब्रन्सविक शहराजवळच्या एका वस्तीत २३ फेब्रुवारी २०२० रोजी धावायला निघालेल्या अहमद आर्बेरी या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा तिघा गोऱ्यांनी गाड्यांतून पाठलाग केला आणि एकाने शॉटगनने त्याला ठार केले. त्याने माझी बंदूक धरली म्हणून झाडली, असे तोही म्हणाला. पण तिघांनी आर्बेरीला अडवण्यासाठी नागरिकांनीच संशयिताला पकडण्याच्या ज्या कायद्याचा आधार घेतला, तो त्या प्रसंगाला लागू होत नव्हता. आणि बेकायदा पाठलाग करून ज्याने माणसाला कोंडीत पकडले, त्याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. रिटनहाउस सुटल्यावर पाचच दिवसांनी, २४ नोव्हेंबर २०२१ रोजी, अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय अशा ज्यूरीने तिघांना खुनाचे दोषी ठरवले. नागरिकांच्या अटकेचा तो कायदा मुळात १८६३ चा, गुलामगिरीच्या काळातला. जॉर्जियाने मे २०२१ मध्ये तो रद्द केला होता. चित्रफीत बाहेर येईपर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ कोणालाच अटक झाली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्याकडच्या कायद्याशी तुलना करण्याचा मोह होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे, तो जुन्या दंड संहितेतून जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये सांगितले आहे, की जिवावर बेतले असताना नागरिकाने भ्याडासारखे पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. म्हणजे शब्दांत आपण अमेरिकेपासून फार दूर नाही. आपल्या कायद्यात मात्र एक स्पष्ट अट आहे: सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. त्याहून मोठा फरक रस्त्यावरचा आहे. आपल्या दंगलीत दगड, काठ्या आणि कोयते असतात, ते भयंकरच. पण जमावातल्या प्रत्येक दहाव्या माणसाच्या कमरेला कायदेशीर पिस्तूल असेल, ही शक्यता आपला पोलीस गृहीत धरत नाही.

राजकारण तापत गेले तशी ही शक्यता अमेरिकेत अधिक भेसूर झाली आहे. जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सभेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. जून २०२५ मध्ये मिनेसोटाच्या आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची राहत्या घरी हत्या झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये युटातल्या विद्यापीठात उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांना गोळी घालून ठार करण्यात आले. हे सरळ हल्ले होते, स्वसंरक्षणाशी त्यांचा संबंध नाही. तरी प्रत्येक हल्ल्यानंतर दोन्ही बाजूंच्या लोकांना समोरचा अधिक धोकादायक वाटू लागतो, आणि 'समंजस माणसाला भय वाटले असते का' या प्रश्नाचे उत्तर देणारी ज्यूरी याच लोकांतून निवडली जाते.

टेक्सासच्या ऑस्टिन शहरातला एक प्रसंग यापुढचा आहे. २५ जुलै २०२० च्या रात्री डॅनियल पेरी हा लष्करातला सार्जंट आपली मोटार वळवून निदर्शकांनी भरलेल्या रस्त्यात शिरला. लोकांनी गाडीला घेरले, तिच्यावर थापा मारल्या. गॅरेट फॉस्टर हा हवाई दलातला माजी सैनिक गळ्यात एके-४७ धर्तीची रायफल घेऊन निदर्शनात सामील होता आणि तो गाडीजवळ आला. पेरीने खिडकीतून पिस्तुलाने पाच गोळ्या झाडून त्याला ठार केले. दोघेही गोरे, दोघांचीही हत्यारे कायदेशीर, आणि टेक्सासमध्ये मागे हटण्याचे बंधन दोघांवरही नाही. फॉस्टरने रायफल रोखली होती का, यावर खटला फिरला. प्रत्यक्षदर्शींनी नाही म्हटले. आणि पेरीने स्वतः पोलिसांना सांगितले होते, की आपल्याला त्याला नेम धरण्याची संधी द्यायची नव्हती. निदर्शकांना मारण्याविषयी त्याने आधी लिहिलेले संदेशही ज्यूरीसमोर आले. एप्रिल २०२३ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाचा दोषी ठरवले आणि न्यायाधीशांनी २५ वर्षांची शिक्षा दिली.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जाहीर केले, की माफीची शिफारस टेबलावर येताच आपण सही करू. ज्यूरीने आठवडाभर साक्षी ऐकून जे ठरवले होते, ते राज्याच्या माफी मंडळाने १६ मे २०२४ रोजी एकमताने बाजूला सारण्याची शिफारस केली, गव्हर्नरांनी त्याच दिवशी सही केली आणि पेरी तुरुंगाबाहेर आला. माफीबरोबर त्याला बंदूक बाळगण्याचा हक्कही परत मिळाला.